दिवसातून दोनदा ब्रश करूनही किडलेल्या दाढा : कुडाळातल्या एका कबड्डी रेडरची केस

ही केस लिहायचं वर्षभर मनात होतं, पण लिहायला बसलं की पहिल्या पानावरच माझी स्वतःची चूक यायची आणि मग राहून जायचं. आज क्लिनिक बंद आहे, बाहेर धो धो पाऊस, लाईट जातेय-येतेय, म्हटलं बसूया एकदाचं.

मी कुडाळला दातांची प्रॅक्टिस करते. पेशंटचं नाव-गाव सांगत नाही, कारण इथे कुडाळ-मालवण पट्ट्यात कोण कुठल्या मंडळातून कबड्डी खेळतो हे सगळ्यांना पाठ असतं, नुसतं गाव सांगितलं तरी लोक घरापर्यंत पोचतील. त्याला आपण रेडरच म्हणू, म्हणजे समोरच्या संघावर चढाई (रेड) करणारा. वय तेव्हा १६, अकरावीत, उंच, हडकुळा, आणि त्याच्या कबड्डीच्या सरांच्या म्हणण्यानुसार बोनस गुण घेण्यात तालुक्यात त्याच्या वयात त्याला तोड नाही. व्यसन काही नाही. सुपारीसुद्धा नाही, हे मुद्दाम लिहितेय, कारण किडलेले दात बघितले की आपल्याकडे आधी पोराच्या खिशात पुडी शोधतात.

पहिली भेट

डिसेंबरातला शुक्रवार, रात्रीचे साडेआठ, मी शटर ओढायच्या बेतात आणि समोर एका बाईकवर तिघं. पुढे मामा, मधे हा गाल धरून, मागे आजी. आजी घरी राहायला तयारच नव्हती म्हणे. तीन रात्री झोप नाही, गार पाण्याने तात्पुरतं बरं वाटतं आणि परत ठणका, उजव्या बाजूने घास चावता येत नाही. आजीने आधी लवंगेचं तेल लावलं होतं, मग चिमूटभर मशेरी दाबून ठेवायला दिली होती (त्याने हिरडीवर पांढरा चट्टा पडला होता), आणि मग मेडिकलातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, दिवसाला पाच-सहा, त्याही उपाशीपोटी. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने मला दाताबद्दल काहीच विचारलं नाही. पहिलं वाक्य हे होतं, "मॅडम, परवा ओरोसला ट्रायल आसा, खेळूक गावतला ना?"

दुखत होती ती खालची उजवी पहिली मोठी दाढ. ही दाढ सहाव्या वर्षी येते, दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता गुपचूप येते, म्हणून आईवडिलांना ती दुधाचीच वाटते आणि "पडून नवीन येईल" म्हणत दुर्लक्ष होतं. ती पडत नाही आणि तिच्या जागी दुसरी येत नाही. एक्स-रेमधे कीड थेट नसेपर्यंत गेलेली दिसत होती. आजीचं मत ठाम होतं, "बाये, काढून टाक तो दात. माजे सगळे काढले, माका काय जाला?" आजीच्या तोंडात वरचे दोनच दात शिल्लक, त्यामुळे काय जाला ते समोरच दिसत होतं पण तेव्हा वाद घालायची वेळ नव्हती.

इंजेक्शन देऊन दाढ उघडली. इतकी भडकलेली खालची दाढ बधिर करणं हे आमच्या कामातलं सगळ्यात वैतागवाणं काम, एका इंजेक्शनात होतच नाही, दोन लागली, तिसरं दाढेच्या बाजूला. आतली नस काढली, औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट. दहा मिनिटांत पोराचा चेहरा बदलला. मामा म्हणाला, "झोपलो की काय ह्यो?" खरंच पेंगत होता.

तेवढ्यात सरांचा फोन, आणि प्रश्न असा की मला बरं वाटलं कुणीतरी विचारतंय. त्या इंजेक्शनात काही डोपिंगमधे सापडणारं नाही ना? आम्ही जे सुन्न करायचं औषध देतो त्यात लिग्नोकेनसोबत थोडं अ‍ॅड्रेनलिन असतं, आणि अ‍ॅड्रेनलिन वाडाच्या (WADA, खेळातल्या डोपिंगवर लक्ष ठेवणारी जागतिक संस्था) यादीत उत्तेजक म्हणून आहे, पण सुन्न करायच्या औषधासोबत त्या जागेपुरतं दिलं तर चालतं, तशी सूट त्याच यादीत लिहिलेली आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, यांनाही बंदी नाही. भानगड होते ती स्टेरॉईडची. गाल सुजला की सूज पटकन उतरावी म्हणून डेक्साचं (डेक्सामेथासोन, हे स्टेरॉईडच) इंजेक्शन घेऊन आलेले पेशंट मला महिन्याला दोन-तीन तरी दिसतात, आणि २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टेरॉईडचं कुठलंही इंजेक्शन, मग ते हिरडीत असो की दंडात, बंदीत येतं. जिल्ह्याच्या ट्रायलला कोण लघवी तपासायला बसलंय, हे मलाही माहीत आहे, पण हाच पोरगा उद्या राष्ट्रीयला गेला तर सवय गावचीच घेऊन जाणार ना.

रविवारी तो खेळला. दुखलं नाही, पण तीन दिवस नीट जेवला नव्हता, शेवटच्या पाच मिनिटांत दोनदा मध्यरेषेच्या हातभर अलीकडे पकडला गेला. संघात नाव आलं ते राखीव म्हणून. दाढेमुळे गेलं असं मी म्हणणार नाही, सरांनी मात्र तसंच म्हटलं.

आता माझी चूक. त्या रात्री मी विचारलं, "ब्रश किती वेळा करतोस?" तो म्हणाला "दोन वेळा", मी तोंडात बघितलं, हिरड्या बऱ्यापैकी स्वच्छ, खोटं बोलत नव्हता. मी कार्डावर टिक केली, नेहमीचं भाषण दिलं, गोड कमी खा, रात्री ब्रश कर, सहा महिन्यांनी ये. रूट कॅनल रखडत रखडत जानेवारीत संपलं, परीक्षा झाल्यावर मार्चमधे कॅप बसली, एकूण साडेसात हजार झाले, आईने दोन हप्त्यांत दिले. ती काजूच्या कारखान्यात जाते. आणि मी मनात केस बंद केली. इतकी स्वच्छ हिरडी असणाऱ्या पोराची दाढ सोळाव्या वर्षी नसेपर्यंत का किडली हा प्रश्न मला पडायला हवा होता, तो पडला नाही.

ऑगस्ट

नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात आई घेऊन आली. दुखत काही नव्हतं. "पुढच्या दातार पांढरे डाग पडले हत, चुन्यासारके." बघितलं तर वरच्या पुढच्या चार दातांवर आणि दोन्ही सुळ्यांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे, मटक्याच्या काठावर मीठ फुटावं तसे. डाव्या बाजूच्या खालच्या दाढेत नवीन कीड, एक्स-रेमधे वर दोन दातांच्या मधोमध आणखी दोन जागा. आणि खालच्या दाढांच्या टोकांना बारीक खळगे, गुळगुळीत, चकचकीत. हे खळगे किडीचे नसतात, ते आम्लाने झिजलेले असतात. म्हणजे दोन वेगवेगळे उद्योग एकाच तोंडात चालू होते, साखर खाऊन जंतूंनी केलेलं आम्ल आणि बाहेरून ओतलेलं आम्ल.

आठ महिन्यांत. ब्रश दोन वेळा. आई शपथेवर सांगायला तयार, "ह्यो घासता, मी बघतंय मा."

या वेळी मी शहाणी झाले आणि ब्रशबद्दल एक शब्द विचारला नाही. त्याला म्हटलं वहीच्या मागच्या पानावर तीन दिवस लिहून आण, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं आणि किती वाजता, पाणीसुद्धा. त्याला वाटलं हे डाएटचं असणार, म्हणून पहिल्या दिवशी अंडी-बिंडी मोठ्या अक्षरात लिहून आणली होती. मला हवं होतं ते बारीक अक्षरात होतं, रोज दोनदा : "बाटली".

सकाळी साडेपाच ते सात आणि संध्याकाळी पाच ते साडेसात प्रॅक्टिस. दोन्हीला एक लिटरची बाटली, त्यात संत्र्याच्या चवीची ग्लुकोज पावडर चार-पाच मोठे चमचे, आणि एक रेड झाली की दोन घोट, पुन्हा रेड, पुन्हा दोन घोट. प्रॅक्टिसनंतर मंडळातला कोणतरी एनर्जी ड्रिंकची छोटी बाटली फिरवतो, ती घरी जाईपर्यंत पुरते. मेच्या सुट्टीत पावडरीऐवजी घरचं कोकम सरबत असायचं, ते बरं असं सगळ्यांनाच वाटतं आणि तब्येतीला असेलही. स्पर्धा असली की सामने लाईटखाली रात्री दीड-दोनपर्यंत, मधे चहा, वडापाव, चिक्की, जत्रेच्या दिवसांत गुळात घोळलेलं खाजं, आणि मग घरी येऊन कपडे न बदलता झोप. त्या दिवशीचा रात्रीचा ब्रश "झालो नाय", प्रामाणिकपणे लिहिलं होतं पोराने.

क्लिनिकमधे लिटमससारख्या पट्ट्या ठेवते मी, पीएच बघायच्या, म्हणजे आम्ल किती ते; आकडा सातच्या जितका खाली तितकं आम्ल जास्त. त्याला बाटली घेऊनच ये म्हटलं होतं. बाटलीत पट्टी बुडवली, रंग आला साधारण साडेतीन-चारचा. कोकम सरबताची त्याहून खाली. नळाच्या पाण्याची सात. दाताच्या वरचं कवच विरघळायला लागतं ते साधारण ५.५ च्या खाली. साधं, बिनचवीचं ग्लुकोज स्वतः आंबट नसतं, पण संत्रं-लिंबू चव आली की सायट्रिक अ‍ॅसिड आलंच, आणि साधं असलं तरी जंतू त्याचं आम्ल करायला वेळ लावत नाहीत, काही मिनिटांत तोंड ५.५ च्या खाली जातं आणि लाळेने ते परत ताळ्यावर यायला अर्धा तास ते तास लागतो.

मग आम्ही दोघांनी मिळून हिशोब केला, त्याला गणित आवडतं. एक लिटर एका दमात प्यायला तर दात आम्लात बसणार अर्धा-पाऊण तास. तेच पाच-पाच मिनिटांनी घोट घेत प्यायलं तर तोंड ताळ्यावर यायच्या आधी पुढचा घोट, म्हणजे सकाळचा दीड तास, संध्याकाळचे अडीच तास आणि दोन्हीनंतरचा पाऊण-पाऊण तास. साडेपाच तास. रोज. त्याच्यासमोर दोन वेळचा ब्रश मिळून चार मिनिटांचा. पोरगा कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे साखर तेवडीच, पण पिऊची पद्धत चुकली?" बरोब्बर. हे वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवते.

कबड्डीचा यात आणखी एक खास वाटा आहे, जो मला कुठल्याच पुस्तकात सापडला नव्हता, तो मैदानावर जाऊन बघितल्यावर कळला. फुटबॉलवाला धापा टाकतो, हा धापाही टाकतो आणि वर ३० सेकंद "कबड्डी कबड्डी" म्हणत राहतो, थांबला की दम सुटला म्हणून बाद. एका संध्याकाळी त्याने पंचवीस-तीस रेड केल्या, म्हणजे तेवढ्या वेळा तोंडातली होती नव्हती ती लाळ सुकवली. लाळ ही दातांची कायमची पहारेकरीण, आम्ल धुते, पातळ करते, विरघळलेलं कॅल्शियम परत भरते. ती सुकलेली असताना, नेमकी तेव्हाच, पोरं गोड-आंबट घोट घेतात, कारण घसा कोरडा पडलेला असतो. वजन उतरवायचं असलं तर तर विचारूच नका, कुमार गटाला वजनाची अट असते, मग वजनाच्या आदल्या दिवशी पाणी बंद आणि तोंडात आंबट गोळी ठेवून थुंकत बसायचं. हा प्रकार आमच्या रेडरने एकदाच केला होता, बाकीचे दर स्पर्धेला करतात.

आणि पेस्ट. घरात वापरात होती "पूर्ण नैसर्गिक" लाल पेस्ट, डब्यावर सगळी जडीबुटी लिहिलेली पण फ्लोराईड नाही. नैसर्गिकशी माझं भांडण नाही, पण साडेपाच तास आम्लात बसणाऱ्या दातांना फ्लोराईड नसेल तर दुरुस्तीचं सामानच मिळत नाही. डब्यावर सोडियम फ्लोराईड किंवा सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट असं बारीक अक्षरात शोधायचं आणि १००० पीपीएमच्या आसपास आकडा बघायचा, आपल्याकडे कायद्याने कमाल तेवढंच घालता येतं.

सरांशी बोलणं

सर भले माणूस. पगार शाळेचा, मैदानावर वेळ फुकट. पण त्यांचं पहिलं उत्तर होतं, "मॅडम, खेळाडू धडधाकट असतो हो, दात किडतात ते चॉकलेट खाणाऱ्यांचे." म्हणून त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या डेंटल क्लिनिकमधे आलेल्या ३०२ खेळाडूंची तपासणी झाली, ५५ टक्क्यांना कीड, ४५ टक्क्यांना आम्लाची झीज, ७६ टक्क्यांना हिरड्यांची सूज, आणि १८ टक्के स्वतः म्हणाले की दातांमुळे आमच्या सरावावर किंवा खेळावर परिणाम झाला. ही ऑलिम्पिकपर्यंत पोचलेली माणसं. दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. पुढे लंडनच्याच ईस्टमन डेंटल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी ब्रिटनच्या ३५२ अव्वल खेळाडूंना तपासलं, त्यातले ९४ टक्के दिवसातून दोनदा ब्रश करणारे, आणि तरी जवळपास निम्म्यांच्या तोंडात उपचार न केलेली कीड. ८७ टक्के नियमित स्पोर्ट्स ड्रिंक पिणारे.

सर गप्प झाले, मग म्हणाले, "आम्ही घोटे बघतो, गुडघे बघतो, तोंड उघडून कोण बघतंय."

पण त्यांचा एक प्रश्न अगदी खरा होता आणि त्याचं उत्तर "गोड बंद करा" असं देता येत नाही. इथल्या दमट हवेत अडीच तास खेळल्यावर बनियन पिळून बादली भरते, पोरांना पाणी, मीठ आणि काहीतरी इंधन लागणारच, आणि सगळ्यांच्या घरी काजू-बदाम नसतात, पावडरीचा डबा शंभर-दीडशेत येतो. तासाभराच्या सरावाला खरं तर साधं पाणी पुरतं, त्यापुढे साखरेचा थोडा उपयोग होतो. मग आम्ही बसून असं ठरवलं : प्रत्येकाच्या दोन बाटल्या. साधं पाणी कितीही वेळा, घोटाघोटाने. गोड बाटली फक्त मधल्या सुट्टीत, पाच मिनिटांत संपवायची, तोंडात खेळवत बसायचं नाही, आणि लगेच साध्या पाण्याने खळखळून चूळ. प्रॅक्टिस संपल्यावर लगेच ब्रश करायचा नाही, आम्लाने मऊ पडलेलं कवच घासून निघतं, अर्धा-पाऊण तास जाऊ द्यायचा. सकाळी निघायच्या आधी पेज.

पेज ही आजीची सूचना. मी आपली केळं-बिळं सांगत होते तर मागच्या खुर्चीतून आवाज आला, "उकड्या तांदळाची पेज घाल त्येका, वायच मीठ घालून. त्येचो आजो नांगर धरी तेवा काय पावडर खाय?" आणि खरंच, पाणी, मीठ, स्टार्च, सगळं आहे त्यात, गरम असते त्यामुळे बसून जेवणासारखी खाल्ली जाते, दिवसभर चोखली जात नाही. प्रॅक्टिसनंतर ताक. ताक आंबट असलं तरी त्यात कॅल्शियम-फॉस्फेट इतकं असतं की दाताचं कवच सहसा झिजवत नाही. शहाळंही चालेल पण सीझनला पैसे मोजून रोज कोण देणार, बागायतदाराचा पोरगा असेल तर गोष्ट वेगळी.

उपचार म्हणाल तर तीन फिलिंग, पेस्ट बदलली, ब्रश झाल्यावर नुसतं थुंकायचं आणि चूळ भरायची नाही हे शिकवलं (घरात याला सगळ्यात जास्त विरोध झाला, "शी, फेस तोंडात ठेवूचो?"), आणि दर तीन महिन्यांनी फ्लोराईड वार्निश. पाच मिनिटांचं काम, दातांवर पिवळसर लेप लागतो, दिवसभर खरखरीत वाटतं. पांढरे पट्टे म्हणजे खड्डा पडायच्या आधीची पायरी, वरचा थर अजून शाबूत असतो, तिथे ड्रिल लावायचं नसतं. हे आईला पटवायला वेळ लागला, तिला वाटलं मी फिलिंग टाळतेय.

नोव्हेंबरात बघितलं तेव्हा पट्ट्यांची खडूसारखी खरखर जाऊन चकाकी आली होती. डाग दिसत होते, पण थांबलेले.

गार्ड

जानेवारीत एका स्पर्धेत कोपऱ्यातून डॅश (बचावपटूची धडक) आला आणि याचं तोंड बचावपटूच्या गुडघ्यावर. वरच्या पुढच्या डाव्या दाताचं टोक उडालं, तांदळाच्या दाण्याएवढं. पोरगं शहाणं, मातीत हात घालून तुकडा शोधला आणि चहाच्या टपरीवरून गार दूध कपात घेऊन त्यात टाकून घेऊन आला. हे मीच सगळ्या टीमला सांगून ठेवलं होतं, आणि तुकड्यापेक्षा अख्ख्या दातासाठी सांगितलं होतं. पक्का दात मुळापासून निखळून पडला तर मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरायचा, माती असेल तर दूध किंवा सलाईनने अलगद धुवायचा, घासायचा नाही, आणि जमलं तर तिथेच परत खाचेत बसवून रुमाल चावून धरायचा. नाही जमलं तर गार दुधात. दूध नसेल तर ग्लासात थुंकून त्या थुंकीत. कोरड्या रुमालात गुंडाळून आणलेला दात तासाभरात मेलेला असतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. शहाळ्याच्या पाण्यात ठेवला तर चालेल का असं इथे हमखास विचारतात, प्रयोगशाळेत त्याच्यावर काम झालंय पण निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून मी दूधच सांगते, टपरी कुठेही असते.

तुकडा चिकटवला, रेघसुद्धा दिसत नाही. मग विषय आला माऊथगार्डचा. बॉक्सिंगवाल्यांना तो लावल्याशिवाय रिंगणात घेत नाहीत, कबड्डीत सक्ती नाही आणि पोरांना तो नको असतो, कारण एकच. दम. पंचाला "कबड्डी" स्पष्ट ऐकू यायला हवं. दुकानातला, गरम पाण्यात बुडवून चावायचा गार्ड त्याने आणून बघितला होता, तोंडातून निघत होतं "कबब्बी", आणि चढाईत सतत जिभेने वर ढकलावा लागायचा. मी माप घेतलं, कोल्हापूरच्या लॅबमधून तीन मिलीमीटरच्या शीटचा करून घेतला. पहिल्या ट्रायलला तोही नापास. मग टाळूच्या बाजूची कड दातांच्या मानेपर्यंत कापली, मागच्या दाढा मोकळ्या केल्या, आणि क्लिनिकच्या पॅसेजमधे त्याला ३० सेकंद दम घ्यायला लावला. बाहेर बसलेले पेशंट घाबरले. तिसऱ्या वेळी मामाने पंच होऊन हात वर केला.

एक गोष्ट मात्र इथेही मला उशिरा सुचली. गार्ड घालून गोड बाटली प्यायली तर ती साखर गार्डच्या आत दाताला चिकटून बसते, लाळ तिथे पोचतच नाही, म्हणजे आगीतून फुफाट्यात. फेब्रुवारीच्या वार्निशला आला तेव्हा गार्ड किटबॅगेतून काढला, सोबत मोजा आला. वास सांगत नाही. आता त्याला झाकणाचा भोकं असलेला डबा दिलाय, गार पाण्याने आणि साबणाने धुवायचा, गरम पाणी लावलं की आकार जातो.

आत्ता

मेमधे शेवटचं बघितलं. नवीन कीड एक, वरच्या मागच्या दाढेत, लहान. मार्च-एप्रिलमधे सलग स्पर्धा होत्या, रात्री दोनला येऊन झोपणं परत सुरू झालं होतं, आणि एका जत्रेत खाज्याचं अख्खं पुडकं खाल्लं हे त्याने स्वतःच कबूल केलं. खळगे वाढलेले नाहीत, मी दर वेळी फोटो काढून ठेवते आणि शेजारी शेजारी लावून बघते. मंडळातल्या अकरा पोरांपैकी सात जणांकडे दोन बाटल्या असतात, बाकीचे चौघे यांच्याच बाटलीतलं पितात. सरांनी किटच्या यादीत बुटांच्या खाली "पाण्याची दुसरी बाटली" असं पेनाने लिहिलंय. यंदा जिल्ह्याच्या संघात तो पहिल्या सातात होता. आजीने तिच्या उरलेल्या दोन दातांना "ता पिवळा औषद" लावून घेतलं, मशेरी अजून सोडलेली नाही, त्यावर आमची वाटाघाटी चालू आहे, सध्या दिवसातून चार वेळांवरून दोनवर आलोय.

परवा त्याचा फोन. "मॅडम, गार्ड एस्टीत रवलो." मालवण डेपोत चौकशी केली, कंडक्टरला डबा सापडला होता, पण कुणाची तरी कवळी समजून त्याने तो डेपोच्या ऑफिसात जमा केला आणि तिथून पुढे काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. जुना प्लास्टरचा साचा माझ्याकडे आहे, पण मधे नवीन फिलिंग झालंय तेव्हा माप परत घ्यावं लागेल. गुरुवारी चार वाजता येतोय, प्रॅक्टिसच्या आधी.